बोहुमीरची ढांग

लिबोरने डुकराच्या कानामागचे शेवटचे केस खरवडून काढले, सुरी ॲप्रनला पुसली आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काकू, माझी दाढी इतकी गुळगुळीत झाली असती ना, तर पन्नाशीला बिनलग्नाचा राहिलो नसतो."

"तुझं लग्न दाढीमुळे नाही, तोंडामुळे राहिलं," लुदमिला म्हणाली. "पाणी अजून हवंय?"

"पाणी डुकराला पुरे झालं. आता खाटकाच्या घशाचं बघ."

आलुबुखारच्या दारूची बाटली लुदमिलाने पहाटेच ॲप्रनच्या खिशात घालून ठेवली होती. पुतण्याला ती ओळखून होती. फेब्रुवारीचा महिना होता, अंगणातली माती गोठून कडक झाली होती आणि दोन मोठ्या कढया रटरटत होत्या, एकीत डोक्याचं मांस आणि दुसरीत धुण्यापुसण्याचं पाणी.

बोहुमीर गेल्यापासून या घरी डुक्कर कापलं नव्हतं. यंदा लुदमिलाने मुद्दाम घाट घातला. मुलगी व्लास्ता आणि जावई रोस्त्या शहरातून आले होते, पण हा खटाटोप त्यांच्यासाठी नव्हता. तो होता लिबोरच्या आईसाठी, म्हणजे थोरल्या जावेसाठी. हेडविकाला नुसतं जेवायला बोलावलं असतं तर ती आली नसती. पण आतड्यांत भरायच्या सारणाला लसूण आणि मार्जोरमचा सुका पाला किती घालायचा हे साऱ्या दौब्रावका गावात तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं, आणि 'तुझ्याशिवाय सारण बेचव होईल' या निरोपाला नाही म्हणणं तिला जमणार नव्हतं. ती आली, फाटकातच कोट काढला, बाह्या वर सारल्या आणि लुदमिलाकडे न बघता परातीपुढे बसली.

लुदमिलाला तिच्याकडे एकच गोष्ट मागायची होती. नवऱ्यासाठी जागा.

बोहुमीर चौदा महिने स्वयंपाकघरातल्या कपाटावर होता, साखरेच्या डब्याशेजारी, काळ्या झाकणाच्या कलशात. ओताहालांची कबर चर्चच्या भिंतीलगत होती. तिच्यात पाच पिढ्या विसावलेल्या, पण तिचे कागद थोरल्या पातीकडे. दीर योसेफ वारला तेव्हा ते हेडविकाकडे आले, आणि तिने बोहुमीरची शवपेटी आत घेऊ दिली नाही. म्हणून त्याला शहरात नेऊन दहन करावं लागलं. लुदमिला रोज सकाळी कलशावरची धूळ पुसायची, त्याला हवापाणी सांगायची, गाईने किती दूध दिलं ते सांगायची. आजही सांगून आली होती, "हेदाला विचारणार आहे. तू मधे बोलू नकोस."

भांडणाचं मूळ गावाबाहेरच्या तिठ्यावर होतं. म्हणजे आता नव्हतं, हेच तर भांडण होतं.

तिथे पाचशे वर्षांपासून एक बुटका दगडी क्रूस उभा असायचा. कमरेच्या थोडा वर, आडवे हात जाडजूड, छातीवर कोरलेली कुऱ्हाड. कोणे एके काळी दोघा भावांचं बांधावरून वाजलं, एकाने दुसऱ्याला कुऱ्हाडीने मारलं, आणि पंचांनी मारणाऱ्याला फासावर न चढवता हा क्रूस स्वतःच्या हाताने घडवून उभा करायला लावला, असं गाव सांगायचं. त्यावरून रीत पडली. दोघांचं बिनसलं की त्यांनी क्रुसाच्या दोन बाजूंना उभं राहायचं, दगडाच्या एकेका हातावर तळवा टेकायचा, आणि ज्याचा तळवा आधी गारठेल त्याने आधी तोंड उघडायचं. दगड बारा महिने थंडगार. दौब्रावकात अबोला फार टिकत नसे.

अठ्ठावन्न साली शेती सोसायटीच्या अध्यक्षाने हुकूम काढला की क्रूस ट्रॅक्टरच्या आड येतो, तो उपटा आणि खाणीवरच्या यंत्रात घालून त्याची खडी करा. ट्रॅक्टर एकच होता आणि चालवणाराही एकच, बोहुमीर ओताहाल. भरदिवसा, सगळ्या गावादेखत त्याने साखळी बांधली, क्रूस उपटला आणि खाणीच्या रस्त्याने ओढत नेला. संध्याकाळी वाळूने भरलेली ट्रॉली घेऊन तो घरी आला. योसेफने त्याला फाटकात अडवून विचारलं, "काय केलंस?" बोहुमीर म्हणाला, "सांगितलेलं काम." योसेफ त्याच्या बुटांवर थुंकला. त्यानंतर सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत, सख्खा भाऊ सख्ख्या भावाशी बोलला नाही. भांडण मिटवायची जागाच उरली नव्हती.

लुदमिला तेव्हा आठवडाभर माहेरी, आजारी आईपाशी होती. परत आल्यावर तिने नवऱ्याला एकदाच विचारलं. तो म्हणाला, "लीदा, हे मला विचारू नकोस." तिने पुन्हा विचारलं नाही. पण मनात तिनेही तेच धरलं जे गावाने धरलं होतं. तिने त्याला माफ केलं होतं, आणि माफ केलं याचा तिला थोडा अभिमानही होता. हे ती कोणापाशी बोलली नव्हती.

आता राज्य बदललं होतं. येत्या रविवारी तिठ्यावर नवा क्रूस बसायचा होता, गुळगुळीत काळ्या दगडाचा, हेडविकाच्या देणगीतून. पायथ्यावर कोरायची ओळसुद्धा ठरली होती: 'देव न मानणाऱ्या हातांनी फोडलेल्या जुन्या क्रुसाच्या जागी.' ते हात कोणाचे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हेडविका परातीवरून उठली. लसणाच्या माळा गोठ्याच्या दारावर टांगलेल्या होत्या. ती उंबऱ्यावर चढून टाचा उंचावून माळ ओढायला लागली, तशी लुदमिला हात पुशीत तिच्यामागे गेली.

"हेदा."

"लसूण जून झालाय तुझा."

"मला लसणाचं नाही बोलायचं."

"माहीत आहे मला. डुकराच्या आडून काय मागणार ते निरोप आला तेव्हाच कळलं." हेडविकाने माळ काढून घेतली, पण उंबऱ्यावरून उतरली नाही. "सारण बेचव होईल म्हणे! चौतीस वर्षं तुझं सारण बेचवच होतं. तेव्हा नाही आठवण झाली?"

"साखरेच्या डब्याएवढी जागा लागते गं त्याला. मातीसुद्धा फार उकरायला नको."

"जागा किती, हा प्रश्नच नाही. योसेफने शेवटच्या दिवशी माझा हात धरला. श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाला, हेदा, क्रूस फोडणाऱ्याला माझ्या शेजारी निजवू नकोस. मी हो म्हटलं. आता तूच सांग. मेलेल्या नवऱ्याला दिलेला शब्द मोडू? तू मोडला असतास?"

लुदमिलानेही मोडला नसता. तेच तिला जास्त लागलं.

"खडी केली त्याने देवाच्या क्रुसाची," हेडविका उंबऱ्यावर पाय रोवून म्हणाली. "बाजाराला जायचा रस्ता त्याच खडीचा. त्याच्यावर पाऊल टाकताना अजून अंगावर काटा येतो माझ्या. आणि तुम्ही म्हणता, विसर!"

"मोठी काकू, मी कधी म्हटलं विसर म्हणून?" व्लास्ता कांदे टाकून पुढे आली. "आई, तू तरी कशाला हात पसरतेस? शहरात भिंतीत कप्पे मिळतात. स्वच्छ असतात, पाटी लावता येते. मी तेव्हाच म्हणत होते."

"तुझे बाबा कप्प्यात राहणारे होते का?"

"मग कपाटावर राहणारे होते?"

"रोस्त्या, तू सांग हिला," लुदमिलाने जावयाकडे मोर्चा वळवला. जावई गेल्या वर्षीपर्यंत तिच्या बाजूचा होता.

रोस्त्या सॉसेज बांधायच्या दोऱ्यात मान खाली घालून म्हणाला, "आई, खरं सांगू? कप्पा बरा. रविवारी ती ओळ सगळं गाव वाचणार. त्याच गावात बाबांना पुरायचं, आणि लोकांनी येता-जाता बघायचं... मला नाही बरं वाटत."

म्हणजे तोही गेला. लुदमिलाला रडू आलं नाही, राग आला, आणि राग नक्की कोणावर हे कळेना म्हणून तिने कढईखाली आणखी दोन लाकडं सारली.

"खाऊन घ्या आधी," लिबोर ओरडला. "उपाशी पोटी ओताहालांनी काही ठरवायचं नाही. मागच्या वेळी कुऱ्हाड निघाली होती."

डोक्याचं मांस फळीवर आलं, किसलेलं तिखट मूळ आलं, पाव आला. सगळे उभ्या उभ्या खात होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. लिबोरला शांतता सोसत नसे. आईचा डोळा चुकवून तो दर हिवाळ्यात या घरचं डुक्कर कापायला यायचा. काकावर त्याचा जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाची नक्कल केल्याशिवाय त्याला राहवत नसे. मिठाची बादली आणायला म्हणून तो गोठ्याकडे निघाला. दाराशी पोचताच त्याने पाठ ताठ केली, गाल आत ओढले, डावा पाय उचलला आणि उंबऱ्यावरून अशी लांबलचक ढांग टाकली की आतली गाय दचकून मागे सरली.

"ओताहाल निघाले नदी ओलांडायला!" आतून त्याचा आवाज आला.

रोस्त्याला ठसका लागला. व्लास्ता रागात होती तरी हसली. हेडविकाच्याही ओठांचा कोपरा हलला, कारण बोहुमीरची ही ढांग गावभर प्रसिद्ध होती. सोसायटीत तर दारूच्या दोन पेल्यांनंतर तिची स्पर्धा लागायची. लुदमिलाही हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिला तो डोळ्यांपुढे उभा दिसला, दोन्ही हातांत खाद्याच्या बादल्या, तोंडात विझलेली सिगारेट.

"गुडघा बिचाऱ्याचा," ती म्हणाली. "विचारलं की म्हणायचा, गुडघा दुखतो."

"कसला गुडघा!" लिबोर बादली घेऊन परत फिरला आणि पुन्हा ढांग टाकून बाहेर आला. "गुडघा दुखणारा माणूस पाय घासत चालतो काकू. मला विचार. मी डाव्या पायाने दोन वर्षं घासतोय."

लुदमिलाच्या हातातला पाव तसाच राहिला.

"लिबोर," ती पाव खाली ठेवून म्हणाली, "आता स्वयंपाकघरात जा बघू. काका जायचे तसा."

"काय आणू?"

"काही नको आणूस. नुसता जा."

लिबोरने आईकडे बघितलं, खांदे उडवले, आणि काकासारखी पाठ ताठ करून घराकडे निघाला. घराचा उंबरा गोठ्याच्या उंबऱ्यापेक्षा चांगला बोटभर उंच. त्याच्यावर त्याने सरळ पाय ठेवला आणि आत गेला. मग आतूनच थबकून म्हणाला, "इथं काका साधाच जायचा."

"तळघरात?"

"तिथंही साधाच."

"चर्चमध्ये?"

"काकू, चर्चमध्ये तर तो पेंगतच चढायचा पायऱ्या. काय चाललंय तुझं?"

लुदमिलाला शेवटची तीन वर्षं आठवत होती. झटका आल्यावर बोहुमीरची वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं. रोज संध्याकाळी तो काठीने गोठ्याकडे खूण करायचा. तिला वाटायचं, डुकरं बघायची असतील. ती त्याला धरधरून आणायची. तो दारापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा, काठी उंबऱ्यावर आपटायचा. टक, टक, टक. "अरे चल ना, टाक पाय," ती म्हणायची, आणि तो मान हलवायचा. एकदा तिने आणि व्लास्ताने त्याला दोन्ही बगलांत धरून उचललं आणि त्याचे पाय उंबऱ्यावर टेकवले. तेव्हा तो हमसून हमसून रडला होता. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर माणसं रडतात, मनावर घेऊ नका. तिने मनावर घेतलं नव्हतं.

"व्लास्ता," ती म्हणाली, "गोठ्याला हा उंबरा कधी घातला गं बाबांनी?"

"मला काय आठवणार? मी दहा-अकराची असेन. तू आजीकडे गेली होतीस तेव्हा. तू आल्यावर म्हणालीस, छान आहे, सपाट आहे."

"ट्रॉलीभर वाळू आणली होती त्यांनी."

"हो. त्याच कामाला."

रोस्त्याने दोरा खाली ठेवला. लिबोर घरातून बाहेर आला. लुदमिलाने काही सांगितलं नव्हतं तरी सगळे गोठ्याच्या दाराकडे बघायला लागले होते. एक हेडविका सोडून. ती लुदमिलाकडे बघत होती.

"डोकं फिरलंय तुझं," हेडविका म्हणाली.

"असेल."

"क्रुसावर पाय पडला तर आपल्याकडे मूलसुद्धा खाली वाकून माफी मागतं. आणि एक ओताहाल तो गोठ्याच्या दारात घालेल? डुकरांच्या वाटेत? कोण देवाला मानणारा माणूस असं करेल? कोणाच्या तरी डोक्यात येईल का?"

"कोणाच्याच नाही," लुदमिला म्हणाली. "म्हणून तर कोणी बघितलं नाही."

लिबोर आधीच पहार आणायला धावला होता.

पहारेने काही झालं नाही. माती इतकी गोठलेली की पहार उसळून परत यायची आणि लिबोरच्या हातांना झिणझिण्या यायच्या. रोस्त्या म्हणाला, मार्चपर्यंत थांबू. लुदमिलाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने लगेच ट्रॉलीची साखळी शोधायला सुरुवात केली. मग व्लास्ताला कढई आठवली.

"पाणी! आई, पाणी उकळतंय ना!"

धुण्यापुसण्यासाठी तापवलेलं पाणी बादली-बादलीने उंबऱ्याभोवती ओतलं. वाफेचे लोट उठले, दार दिसेनासं झालं. व्लास्ता ओतत होती, लिबोर खणत होता, रोस्त्या चिखल उपसत होता. एका बाजूने सिमेंटचा पातळ थर निघाला. तो फोडल्यावर त्याखाली दगड संपला नाही, तो भिंतीच्या बाजूला तसाच पुढे गेला, हातभर. लिबोरने दुसऱ्या बाजूचं सिमेंट फोडलं. तिकडेही हातभर.

उंबऱ्याला हात नसतात. हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

"देवा," व्लास्ता पुटपुटली. "आणि मी इथे बसून बूट घासायचे."

"मी दिवसातून चार वेळा," लुदमिला म्हणाली. "चौतीस वर्षं." तिला ओरडावंसं वाटत होतं, गावभर धावत जावंसं वाटत होतं. अध्यक्षसुद्धा आठवला तिला. पाहणीला आला होता, याच दगडावर उभा राहून म्हणाला होता, आदर्श गोठा आहे. आणि बोहुमीर दारू ओतत म्हणाला होता, आपली कृपा!

साखळी बांधली, फळ्या घातल्या. चौघांनी ओढूनही दगड हलेना.

"अजून एक माणूस हवं," लिबोर धापा टाकत म्हणाला.

हेडविका लसणाची माळ गळ्यात अडकवून उभी होती. ती कधी गळ्यात गेली हे तिलाही माहीत नसावं. ती पुढे आली, माळ काढून खुंटीला लावली, साखळी धरली आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने असा हिसका दिला की रोस्त्या मागच्या मागे चिखलात बसला. दगड सुटला. त्यांनी तो फळ्यांवर घेतला, कुशीवर वळवला, मग उभा करून गोठ्याच्या भिंतीला टेकवला. व्लास्ताने वर शेवटची बादली ओतली. चिखल ओघळून गेला आणि खालून कुऱ्हाड निघाली. दांडा, पातं, सगळं जागच्या जागी, जराही न झिजलेलं. कोरीव बाजू त्याने खाली, वाळूच्या गादीवर ठेवली होती.

हेडविका वाकली. तिने उजव्या हाताच्या टोकावर बोटं फिरवली. तिथे नाण्याएवढा टवका उडालेला होता.

"हा आमच्या लग्नाच्या गाडीचा," ती म्हणाली. "योसेफ घोड्यांकडे न बघता माझ्याकडे बघत होता. चाक धडकलं. सगळे म्हणाले, अपशकुन. बोहुश हसत होता मागे बसून. म्हणाला, दादा, समोर बघ, वहिनी कुठे पळून जात नाही."

"मला का नाही सांगितलं त्याने?" लुदमिला म्हणाली. हा प्रश्न तिने कोणाला विचारला नव्हता.

"तुला?" हेडविका सरळ झाली. डोळे ओले होते, पण जीभ ठिकाणावर आली होती. "तुला सांगितलं असतं तर रविवारी तू फादरना सांगितलं असतंस, सोमवारी दुकानात मला सांगितलं असतंस, आणि मंगळवारी त्याला धरून नेलं असतं. तुझ्या पोटात कधी काही राहिलंय, लीदा?"

"आणि भावाला?"

हेडविकाचं बोट पुन्हा टवक्यावर गेलं. "योसेफ तर दुकानापर्यंतही थांबला नसता," ती हळूच म्हणाली. "चौकात उभा राहून ओरडला असता, माझ्या भावाने वाचवला म्हणून."

लिबोर मोठ्याने रडत होता आणि त्याची त्याला मुळीच लाज वाटत नव्हती. बाटली फिरवायचं भान मात्र त्याला होतं. फाटकावर एव्हाना शेजारीपाजारी जमले होते. वाफ बघून त्यांना आग लागली असं वाटलं होतं. आता ते टोप्या काढून उभे होते. कोणीतरी घंटा वाजवायला चर्चकडे पळालं. जे सोसायटीत ढांगेची नक्कल करायचे तेही त्यांत होते. लुदमिलाने त्यांच्याकडे एकेक करून बघितलं. इतकी वर्षं बाजारात मान खाली घालून चाललेली बाई आज मान वर करून बघत होती, आणि माना त्यांच्या खाली जात होत्या. तिला ते फार आवडलं. आवडू नये असं तिला वाटलं, पण आवडलं.

मग हेडविका क्रुसाच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिने टवक्यावर तळवा टेकवला आणि जावेकडे बघितलं. लुदमिला डाव्या बाजूला गेली. तिनेही हात ठेवला. चौतीस वर्षांत दौब्रावकात हे कोणी पाहिलं नव्हतं, पण कसं करायचं ते सगळ्यांना आठवत होतं.

दोघी उभ्या राहिल्या. लुदमिला हात गारठायची वाट बघत होती. समोर हेडविकाही बघत होती. बराच वेळ गेला. फाटकावर कोणीतरी खाकरलं. दूर घंटा सुरू झाली.

"लीदा," शेवटी हेडविका दातांतल्या दातांत म्हणाली, "हा दगड ऊन झालाय गं. तुमच्या त्या पाण्याने."

"हो. माझ्या पण हाताला ऊनच लागतोय."

"असं तर संध्याकाळपर्यंत उभ्या राहू आपण."

"मी राहीन."

"तू राहशील, माहीत आहे मला." हेडविकाने नाक ओढलं. "योसेफ म्हणाला होता, क्रूस फोडणाऱ्याला माझ्या शेजारी निजवू नकोस. ज्याने फोडला असेल त्याला मी नाही निजवणार. शब्द तो शब्द. बोहुशला उद्या सकाळी घेऊन ये. लिबोर माणसं आणेल कबरीवरची शिळा उचलायला."

लुदमिलाने दोनदा मान डोलावली.

"आणि लिबोर!" हेडविका हात न काढता ओरडली. "रडत काय बसलास! पाथरवटाकडे पळ. त्याला सांग, ती ओळ कोरू नको. कोरली असेल तर घासून काढ. माझा नवा क्रूस तिठ्यावर नाही, कबरीवर जाणार. दोन्ही भावांची नावं घाल म्हणावं, एकाखाली एक."

"वर कोणाचं?" लिबोरने विचारलं.

"थोरल्याचं. उगाच डोक्यावर नको चढवायला."

तेव्हा कुठे अंगणात हशा पिकला. टोप्या पुन्हा डोक्यांवर चढल्या, बाटल्या निघाल्या, रोस्त्या सगळ्यांना आपण कुठे पडलो ती जागा दाखवायला लागला. व्लास्ता फळीवरचं मांस पानांत वाढत होती आणि कोणी विचारायच्या आतच सांगत होती, "आमच्या बाबांनी." गर्दीतला एकजण म्हणाला, रविवारी क्रूस ट्रॅक्टरवरून तिठ्यावर न्यायचा, वाजतगाजत. दुसरा म्हणाला, ट्रॅक्टर नको, खांद्यावरून. यावरून त्यांचं जुंपलं, आणि हेडविकाने त्या दोघांना तिथल्या तिथे दगडाशी उभं केलं.

या सगळ्या गोंधळात गाय हंबरली. सकाळपासून तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. लुदमिलाने खाद्याच्या दोन बादल्या भरल्या, दोन्ही हातांत घेतल्या आणि गोठ्याकडे निघाली.

दारात आता उंबरा नव्हता. तिथे लांबट खड्डा होता, वाफाळलेल्या चिखलाने भरलेला. लुदमिला कडेला थांबली. मागे बोलणं हळूहळू बंद पडत गेलं. तिने पाठ ताठ केली, डावा पाय उचलला आणि दोन्ही बादल्या न सांडता पलीकडे ढांग टाकली.